स्टेपनीच्या जागी दशहरी

निशातगंजच्या बाजारात टायरचं दुकान चालवणारे हे गृहस्थ माझ्यावर कधी ओरडले नाहीत. तशी संधी मी त्यांना पुष्कळदा दिली. पण राग आला की ते जास्तच अदबीनं बोलतात. 'साहब'चं 'हुज़ूर' झालं की आपण समजून घ्यायचं.

जूनच्या सुट्टीत गाडीनं सासुरवाडीला, नागपूरला निघालो आणि हवा भरायला त्यांच्याकडे थांबलो. चारही टायरांवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "और स्टेपनी?"

"घर पर है," मी ऐटीत म्हणालो. "उसकी जगह दशहरी की दो पेटियाँ रख लीं."

त्यांनी शांतपणे गाडीची चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. "आम तो नागपुर में भी मिल जाएँगे, हुज़ूर. आप लोग नहीं मिलेंगे."

"दोन दिवस मी काय वेगळं सांगतेय?" बायको गाडीतूनच म्हणाली.

मुकाट्यानं रिक्षा करून घरी गेलो आणि आजारी बाळाला दवाखान्यात न्यावं तशी स्टेपनी मांडीवर घेऊन परतलो. त्यांनी तिची हवा तपासली. हवा नव्हतीच! ते माझ्याकडे बघून नुसते हसले. मग पंक्चर काढलं, हवा भरली, आंब्याच्या पेट्या दुकानात उतरवून स्टेपनी जागेवर बसवली.

शेवटी त्यांनी खिशातून चावी काढली. मी हात पुढे केला. मला वळसा घालून ते बायकोच्या खिडकीशी गेले आणि लवून म्हणाले, "भाभीजी, गाड़ी तो आप भी चला लेती होंगी?"