कुंपणापलीकडची साफसफाई

व्हरलीन टिडमोर वाईट बाई नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. माझी शेजारीण आहे ती. अलाबामातल्या आमच्या गावात शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं बावीस वर्षं मुलांच्या ताटात वाढलं, आणि बावीस वर्षं तिच्या शेजारी ओझेला गेन्स उभी होती. ओझेला काळी, आणि हिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तरी ती हिला 'मिस व्हरलीन' म्हणायची, आणि ही तिला नुसतं 'ओझेला'. कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही.

गेल्या हिवाळ्यात चर्चमधल्या बायकांनी वर्णभेदावरचं एक पुस्तक वाचायला घेतलं. पाककृतींपलीकडे काही न वाचलेल्या व्हरलीननं ते पेन्सिलीनं रेघा मारमारून वाचलं, आणि तिची झोपच उडाली. मला अंगणात गाठून विचारायची, "हॉइट, आपण खरंच असे आहोत का रे?"

"मी मका पेरतोय, दिसत नाही का?" मी म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

शेवटी एक दिवस तिनं ओझेलाला सांगितलं, "आजपासून मला नुसतं व्हरलीन म्हण."

"बरं, मिस व्हरलीन," म्हणत ओझेला भांडी घासायला गेली.

आमच्याकडे मे महिन्यातल्या एका रविवारी सगळी घराणी दफनभूमीत जमतात. आपापल्या माणसांच्या कबरी साफ करायच्या, फुलं वाहायची आणि तिथंच झाडाखाली तळलेली कोंबडी नि मक्याचा पाव खायचा. मधोमध तारेचं कुंपण आहे. अलीकडे आमचे गोरे, पलीकडे त्यांचे काळे. त्यांचा रविवार आमच्यानंतरचा. यंदा व्हरलीनच्या मनानं घेतलं, आपल्या रविवारच्या आदल्या दिवशी पलीकडचीही साफसफाई करायची. तीसुद्धा गाजावाजा न करता. ओझेलाला विचारावं, असं तिला सुचलं नाही. मलाही नाही, आणि पिकअप तर माझीच होती.

पलीकडे दगड थोडेच. बाकी नुसते मातीचे उंचवटे, आणि त्यांवर फुटके कप, कान तुटलेल्या किटल्या, बंद पडलेली घड्याळं, औषधाच्या बाटल्या. "बघ रे, लोक यांच्या उरावर कचरा आणून टाकतात!" म्हणत व्हरलीननं पहिलं पोतं उघडलं. सात पोती भरली. दाताळ्यानं माती सपाट केली, वर हिरवळीचं बी टाकलं. खोटं कशाला बोलू, छान दिसत होतं. कचरा डेपो सोमवारपर्यंत बंद, म्हणून पोती माझ्या कोठारात ठेवली.

रविवारी संध्याकाळी ओझेला व्हरलीनच्या दारात आली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. मी पायरीवरच बसलो होतो.

"पलीकडे तुम्ही होतात म्हणे, मिस व्हरलीन."

"कळलं वाटतं!" व्हरलीनचा चेहरा फुलला. "अगं, किती घाण साचली होती—"

"घाण नव्हती ती. माणूस ज्या कपातून शेवटचं पाणी प्यालं, तो कप आम्ही त्याच्यावर ठेवतो. फोडून ठेवतो, म्हणजे मागोमाग घरातलं दुसरं कुणी जात नाही. दगडाची ऐपत कुणाची होती? कोण कुठं आहे ते त्या कपांवरूनच कळायचं. आता येत्या रविवारी मी फुलं घेऊन कुठं उभी राहू? माझी आई कुठाय?"

"पण मला तर... चांगलंच करायचं होतं गं."

"ठाऊक आहे मला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी धावत जाऊन पोती आणली. व्हरलीन गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा बाहेर काढत होती आणि वेड्यासारखी विचारत होती, "हा मी फोडला, की आधीचाच फुटलेला?" ओझेलानं निळ्या काठाचा एक कप उचलला. "हा आईचा. पण आता ठेवू कुठं?"

व्हरलीन हमसून रडायला लागली.

"रडू नका. तुमचे डोळे पुसायला आज मला सवड नाही."

"मग मी काय करू? सांग ना. त्या पुस्तकात असलं काही..."

"पुस्तक राहू द्या. घरोघरी जा. एकेक वस्तू दाखवा, कुणाची होती ते विचारा, कुठं होती ते विचारा. आठवणारे म्हातारे अजून आहेत थोडे. सात दिवस आहेत तुमच्याकडे."

"तू येशील ना बरोबर?"

"मी माझ्या आईला शोधायला जातेय," म्हणत ओझेला कप घेऊन निघून गेली.

सोमवारी सकाळी व्हरलीननं सगळं खोक्यांत भरून माझ्या पिकअपमध्ये ठेवलं आणि शेजारी येऊन बसली. चूक नेमकी कुठं झाली, हे तिला अजून उमगलं नव्हतं. मला तरी कुठं उमगलं होतं? मी गाडी सुरू केली.

"पहिल्यांदा कुणाकडे जायचं?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? तू सांग. तुझा तर जन्म गेलाय इथं."

खरंच गेलाय. एकोणसत्तर वर्षं, तीन हजार वस्तीच्या गावात. त्यांच्या आळीचा रस्ता मला डोळे मिटून सापडेल. पण तिथल्या एकाही दारामागं कोण राहतं, ते मला सांगता येईना.