जाळ्याखालचा भात

ठमाबाईने भात वाळत घातला तेव्हा तिचा नवरा जिवंत होता. हे सांगावं लागतं, कारण शिजलेला भात उघड्यावर मांडायचा तो मेलेल्या माणसासाठी, कावळ्याने शिवावा म्हणून.

साल १९२८. धर्माजी उरणच्या बाजूला मिठागरावर उघाडी सांभाळी. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घेणारी लाकडी झडप. उधाणात आठ-आठ दिवस तिथून हलता येत नसे. सरपण जेमतेम पाण्याच्या आधणापुरतं, वाऱ्यात चूल भात शिजेतो टिकत नाही. मागचा हंगाम कोरड्या कुरमुऱ्यांवर काढून तो हगवण लागून, रक्त पडत घरी आला होता. तसा दुसरा हंगाम त्याला झेपला नसता.

टोपाच्या कडेला वाळलेली शितं गरम पाण्यात पुन्हा फुगतात, हे भांडी घासणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. ठमाबाई त्या शितांपाशी विचार करत थांबली, एवढंच. तिने भात शिजवून धुतला. तुरीचं दाट वरण केळीच्या पानावर पातळ पसरलं. दोन्ही खडखडीत वाळवून पिशवीत भरलं. पहिली पिशवी धाडण्याआधी घरातच चार दिवसांत ओलसर होऊन बुरसली. मीठ हवेतलं पाणी ओढतं, हे मिठागरवाल्याच्या बायकोला उशिरा सुचलं. पुढच्या खेपेला तिने मीठ घातलं नाही.

"अळणी धाडतेस त्याला?" सासू आवडाबाई म्हणाली.

"तिथं मिठाला काय तोटा, आत्याबाई? पायाखालीच हाय."

"जीभ लांब हाय तुजी. जित्या माणसाच्या नावानं कावल्यांना पान मांडतेस! माज्या पोराला काय झालं, तर ह्या ओट्यावर उभी करायची न्हाय तुला."

ठमाबाईने कोळणीकडून फाटकं जाळं आणलं आणि भातावर ताणलं. कावळे कुंपणावर बसून राहिले. मीठ वाहणाऱ्या पडावातून, त्या मोठ्या होडीतून, पिशवी जाई. परत काही येत नसे, निरोपही नाही. एकदा एका कावळ्याने जाळ्यातून शीत ओढून नेलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

मृगाच्या चार दिवस आधी धर्माजी चालत घरी आला. ओट्यावर बसला, पाणी मागितलं.

"खाल्लंस काय रं तिथं?" आवडाबाईने विचारलं.

"कढत पाणी ओतायचं. विडी संपेतो भात."

आवडाबाईने त्याचा दंड दाबून पाहिला. मग उठून तिने खुंटीवरचं जाळं काढलं, उजेडात धरलं.

"ठमे, म्होरल्या साली दुसरं आण. ह्याच्यातनं चोच जाते."