वहीतलं माप

गल्लीच्या टोकाला, एकच मोठी खिडकी असलेल्या खोलीत मावशींचं शिलाई मशीन होतं. साऱ्या गल्लीच्याच त्या मावशी. खरी भाची मात्र एकच, धाकट्या बहिणीची चिऊ. कॉलेज सुटलं की ती इथंच येऊन काजं-बटणं करत बसे. दुपारी ऊन आत उतरलं की दोरीवरचे अर्धवट शिवलेले कपडे हळूहळू हलत, आणि मावशींना वाटे, बायकाच उभ्या आहेत, फक्त चेहरे यायचे राहिलेत.

मावशींची एक रीत होती. माप घेताना आकडा तोंडानं उच्चारायचा नाही. टेप फिरवायची, वहीत लिहायचं, वही मिटायची. कमरेचा आकडा ऐकून मटकन खाली बसलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. कुणी खोदून विचारलंच तर म्हणत, कापडाला कळलं ना, मग तुम्हाला कशाला?

त्या महिन्यात चिऊ एका कार्यक्रमात पहिल्यांदाच एकटीनं गाणार होती. त्यासाठी तिला निळा झगा हवा होता, थेट एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरच्या बाईसारखा. ते मुखपृष्ठ तिनं मशीनच्या वर भिंतीला चिकटवलं, आणि त्या दिवसापासून ताटातलं निम्मं बाजूला सारू लागली. माझं माप मीच घेतलंय, वहीत आहे, असं तिनं सांगितलं. मावशींनी पान उघडलं आणि आकडे बघून जरा थबकल्या. पण तीस वर्षांत वहीनं कधी दगा दिला नव्हता. डोळ्यांपेक्षा वहीवर विश्वास ठेवून त्यांनी कात्री लावली. हात मात्र जुनाजाणता. शिवणीच्या आत नेहमी बोटभर जादा कापडाची माया सोडणारा तो हात त्या दिवशी दोन बोटं सोडून गेला, ते मावशींच्याही ध्यानात आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी चिऊ झगा घालून बघायला पडद्याआड गेली, ती बाहेरच येईना. मावशींनी पडदा सारला. चिऊ जमिनीवर बसली होती, पाठीवरची चेन निम्म्यावर अडकलेली. साप्ताहिकात त्या बाईची मापं छापून आली होती. हिनं तीच वहीत उतरवली होती. महिनाभरात तिथवर पोचू, असं तिला वाटलं होतं.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "घसा बसलाय म्हणून सांग त्यांना."

मावशी तिच्या शेजारी बसल्या. गुडघे कुरकुरले, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. लग्नाआधी दोन वर्षं त्या एका फोटो स्टुडिओत कामाला होत्या, हे चिऊला ठाऊक होतं. काम कसलं, ते तिनं कधी विचारलं नव्हतं. मावशींनी ते आता सांगितलं. दातांत टाचण्या धरून मॉडेल मुलींच्या पाठीमागे उभं राहायचं आणि सैल कपडा मागून चिमट्यांनी आवळायचा. समोरून कापड अंगाला चापून बसलेलं, मागे चिमट्यांची रांग. तेवढा वेळ त्या मुली श्वास धरून उभ्या. फोटो निघाला की चिमटे सुटत, आणि मग जो उसासा येई, तो मावशींना अजून स्वप्नात ऐकू येत असे.

"ते माप तिचंही नाही गं," मावशी भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तिच्या मागे माझ्यासारखी कुणीतरी उभी आहे."

चिऊ चित्राकडे बघत राहिली, जणू ती बाई आता वळून पाठ दाखवणार होती.

"दिसते मात्र छान."

"दिसते की. पण तिला कुणी गायला सांगितलेलं नाही."

चिऊला नाक ओढता ओढता हसू फुटलं. मावशींनी चेन सोडवून झगा उतरवून घेतला, उलटा केला, आतली दोन बोटं माया पाहून स्वतःच चकित झाल्या आणि उसवायला बसल्या. चिऊ एकेक धागा वेचत होती. खिडकीतलं ऊन निळ्या कापडावरून सरकत गेलं. दुपारी चिऊनं डबा संपवला, वर मावशींच्या डब्यातलंही थोडं घेतलं. मग ती आपणहून हात पसरून उभी राहिली. मावशींनी टेप फिरवली, जुने आकडे खोडून नवे लिहिले आणि वही मिटली.

संध्याकाळी मावशी तिसऱ्या रांगेत बसल्या. झग्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या शिवणीच्या सुईची बारीक भोकं राहिली होती; ती कुठं आहेत, ते त्यांनाच माहीत. वरच्या सुराआधी चिऊनं श्वास भरून घेतला, अगदी पोटापर्यंत. मावशींनी नकळत आपला रोखून धरला. कापड अंगाबरोबर फुललं. शिवण हलली नाही.