वांगावरची ट्यूब

माझ्या तोंडावर डाग आहेत. कपाळावर दोन, डाव्या कानशिलावर चिंचोक्याएवढा एक, आणि हातांच्या पंजांवर इतके की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गुरुजी भिंत रंगवून आलेत. शिरपूरहून शाळेपर्यंत रोज मोटारसायकल आणि सुटीच्या दिवशी शेतातली हळद, ही त्यांची कमाई. या डागांवर औषध घेऊन आजतागायत एकही माणूस माझ्या दारात आला नाही. उलट लोक आदरानं म्हणतात, "उन्हातान्हात लय राबला बिचारा." शाळेच्या व्हरांड्यात बसून मी किती राबतो ते माझं मला ठाऊक.

औषध आलं ते माझ्या मुलीसाठी.

तिच्या नाकावर आणि गालांवर लहानपणापासून बारीक तपकिरी ठिपके आहेत. अगदी माझ्या आईसारखे, त्याच जागी. घरात आम्ही त्यांना तीळच म्हणायचो. उन्हाळ्यात ते ठळक व्हायचे आणि थंडी पडली की इतके फिके, की आई नातीचं तोंड हातात धरून म्हणायची, "संक्रांत आली तं पोरीनं तीळ खाऊन टाकले वाटते." आई गेली, ठिपके राहिले. पोरीला त्यांचं काहीच वाटत नव्हतं. तिला वेड पोलीस भरतीचं. पहाटे उठून रिसोड रस्त्यानं धावत सुटायची. परत येईस्तोवर ऊन चढलेलं असायचं, आणि ती आरशात न बघता थेट पुस्तक उघडून बसायची.

हळद काढणीच्या दिवसांत माझी मोठी बहीण रिसोडहून आली. चपला काढायच्या आधीच तिनं पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, बाजारात किडकं वांगं बघतात तसं.

"वांग किती वाढले व हे!"

"वांग नाई आत्या, आजीचे तीळ हायत."

"तीळ असे असतात काय? वांगच हाय. त्यात तू उन्हात पयते. असं तोंड जाळून घेतलं तं उद्या कोन पाहीन तुले?"

"मी पोलीस होनार हाय, आत्या. मले पाहून लोकंच पयतील."

बहीण हसली नाही. तिनं पिशवीतून एक ट्यूब काढली. मेडिकलवर जाऊन 'वांगावरची द्या' म्हटलं आणि त्यानं दिली. डॉक्टरची चिठ्ठी नाही, कोणाला, कशासाठी, एक प्रश्न नाही. तिच्या शेजारणीच्या सुनेचं तोंड म्हणे या ट्यूबनं दुधावानी झालं होतं.

मला राग येतो तो आधी आमच्या बोलीचा, आणि मी तर मराठीच शिकवतो. बैलाच्या कपाळावर पांढरं दिसलं तर आम्ही कौतुकानं त्याचं नाव चांद्या ठेवतो. पोरीच्या तोंडावर काहीही उमटलं की शब्द एकच, वांग. लहानपणापासूनचे ठिपके वांग, उन्हाचे डाग वांग, बाळंतपणातले काळपट चट्टेही वांग. शब्द एक, म्हणून ट्यूबही एक. आणि शिकलेला माणूस म्हणून मी त्या खोक्यावर काय वाचलं? मुदतीची तारीख. ती पुढची होती. मी निश्चिंत.

सुरुवातीला तोंड चकचकीत झालं. बहिणीनं व्हिडिओ कॉलवर स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग गाल लाल व्हायला लागले, बारीक पुरळ आलं, उन्हात पाऊल टाकलं की आग. एक दिवस लावली नाही तर आणखीच आग. पोरीनं स्कार्फ बांधला. मग तो घरातही सुटेना. जेवताना घासापुरता खाली ओढायची, पुन्हा वर. आणि एका पहाटे ती धावायला उठलीच नाही.

"आज पयाले नाई गेली?"

"स्कार्फ बांधला तं दम कोंडते, बाबा. सोडला तं तोंड जयते. राहू द्या ते भरती."

मी बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "आनखी लाव म्हना, उतरते." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र मी असा बोललो, असा बोललो! भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "हे तिले सांगा नं. मले काहून सांगून राह्यले?"

वाशीमला त्वचेच्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो. त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि विचारलं, "ही कोणी दिली?" मी पंख्याकडे पाहू लागलो. ठिपके कधीपासून, थंडीत फिके होतात का, घरात आणखी कोणाला होते, सगळं त्यांनी विचारून घेतलं.

"मग हे खरंच आजीचे आहेत," त्या पोरीला म्हणाल्या. "हा आजार नाही. याला औषध लागत नाही. टोपी घाल, सनस्क्रीन लाव आणि धाव. तोंड बिघडवलंय ते या ट्यूबमधल्या स्टेरॉइडनं. बंद केल्यावर थोडे दिवस आणखी लाल होईल, घाबरू नकोस. त्यासाठी मी देते वेगळं."

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"तुमचे मात्र उन्हाचे डाग आहेत. मोठे, वयानं आलेले. थंडीत फिके होतात?"

"नाही."

"तोच फरक. वयानं येतात, ते आपोआप जात नाहीत. नको असतील तर लेझर आहे, पण गरज नाही. फक्त हा कानशिलावरचा वाढला, रंग बदलला, कडा वेड्यावाकड्या झाल्या किंवा रक्त आलं, तर लगेच दाखवा."

'वयानं' हा शब्द एकदा पुरला असता.

परतीच्या एसटीत माझं डोकं तापलं. लक्ष ठेवायचा डाग माझा, आणि सगळं गणगोत लक्ष ठेवून होतं पोरीच्या तोंडावर! पुढच्या वेळी बहीण आली तेव्हा मी कानशील तिच्यापुढे धरलं. या वेळी मी बोललो, आणि बायकोला नाही, तिलाच बोललो.

"मले काहून नाई आनली ट्यूब?"

"तुले? तुले कायले? तू तं मानूस हायेस."

"अन् हे पोरगी कोन हाय मंग?"

तिनं चहा बशीत ओतला आणि फुंकर घालू लागली.

लाली उतरायला वेळ लागला. उतरली तशी एका पहाटे पोरगी अंगणात आली. स्कार्फ नाही, डोक्यावर टोपी. सनस्क्रीन तोंडाला चोळून झाल्यावर हातावर उरलेलं तिनं माझ्या कपाळाला फासलं आणि रिसोड रस्त्यानं निघून गेली. मी ते नीट चोळलं नाही. पोळ्याच्या बैलासारखा रंगलेला मी शाळेत निघालो, तर फाट्यावरच्या चहावाल्यानं हात करून थांबवलं.

"गुरुजी, तोंडाले काय झालं?"

इतक्या वर्षांत माझ्या तोंडाची ही पहिली चौकशी.

"पोरीनं लावलं. गेली नं आत्ता इथून पयत?"

"हां हां, ते वांगवाली!"

मी गाडी बंद केली, स्टँडवर लावली आणि खाली उतरलो. त्या दिवशी शाळेला उशीर झाला.