मांडीवरची बॅटरी

मोटारसायकल चार महिने उभी ठेवायची असेल तर तिची बॅटरी काढून ठेवावी, हे अगदी खरं आहे. फक्त ती पुण्याला नेऊ नये.

सेनगावला आमच्या अंगणात माझी अठरा वर्षांची जुनी गाडी उभी असते. मुलीच्या, मनीषाच्या, पहिल्या बाळंतपणासाठी आम्हा दोघांना चार महिने पुण्याला राहायचं होतं. माणूस चार महिने घर सोडताना दारं-खिडक्या तपासतो. मी गाडीच्या काळजीत होतो. आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले. टाकी काठोकाठ भरली, साखळीला तेल पाजलं, चाकांखाली फळ्या घातल्या आणि वरून जुनी गोधडी पांघरली. बायको, सुमन, त्याच वेळी चुलीपुढं बसून डिंकाचे लाडू वळत होती.

"अहो, त्या गाडीची दृष्ट काढून राहिले का तुमी?" तिनं विचारलं. "इकडं खारका कुटायच्या राहिल्या ना."

मी बॅटरी काढत होतो, त्यामुळे उत्तर दिलं नाही. (बॅटरी काढत नसतो तरी दिलं नसतं. खारका फार कडक होत्या.)

बॅटरी जुन्या पद्धतीची, वरून पाणी घालायची. ती मी टॉवेलात नीट गुंडाळली आणि बियाण्याच्या दुकानातून मिळालेल्या पिवळ्या पिशवीत घातली. सुमननं लाडवांचा चौकोनी पत्र्याचा डबा टॉवेलात गुंडाळला. लाडू फुटू नयेत म्हणून. मग तोही पिशवीत घातला, आणि तीही पिशवी त्याच दुकानची, पिवळी होती, कारण आमच्या घरात दुसऱ्या पिशव्याच नाहीत.

बाळ दोन आठवडे आधीच आलं. जावयाचा फोन आला, ऑपरेशन करावं लागलं, दोघं ठीक आहेत, पण मनीषा काही खात नाही, आईच्या हातचे लाडू मागतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. दाराशी दोन पिवळ्या पिशव्या शेजारी शेजारी होत्या.

"यातली लाडवाची कोणती?" सुमननं विचारलं.

मी एक पिशवी उजव्या हातात घेतली, एक डाव्या हातात घेतली, जरा झुलवून पाहिली आणि सांगितलं, "वजनावरून कळतं. ही."

उरलेली पिशवी घेऊन मी शेजारी गौतमरावांकडं गेलो. गौतमरावांनी उभा जन्म विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात घातला. तालुक्यातल्या अर्ध्या शेतांना त्यांच्या हातानं पाणी मिळालंय. अशा माणसाला मी बॅटरीवर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. ओलीत ठेवू नका, जमिनीवर ठेवू नका, पंधरा दिवस पिशवीला हात लावू नका, मग चार्जिंगला लावा.

"बराबर हाय, गुरुजी," गौतमराव म्हणाले. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि घरातल्या सगळ्यात उंच फळीवर ठेवली.

जीपनं हिंगोली गाठली आणि तिथून पुण्याची एसटी धरली. सुमन म्हणाली, "पिशवी वर ठेवू नका. लाडवाचा भुगा व्हईल. मांडीवर धरा." मी धरली. औंढ्यापर्यंत उभी धरली. पुढं मांडीला रग लागली म्हणून आडवी केली.

जिंतूरच्या पुढं मांडी ओली लागायला लागली.

"सुमन, काहीतरी पाझरून राहिलं."

"तूप सुटलं असंल. उनाचं सुटतंच. घट्ट धरा."

मी घट्ट धरली. तूप वाया जाऊ नये म्हणून पोटाशी धरली. जालन्याच्या अलीकडं मांडीला खाज सुटली. मग आग व्हायला लागली. मी चुळबुळ करायला लागलो, तसा शेजारच्या सीटवरचा माणूस सरकून बसला.

"काहून नाचून राहिले?" सुमननं विचारलं.

"नवीन पँटचं कापड टोचतंय."

पिशवीच्या तळाशी बोट ओलं झालं होतं. तूप कसं झालंय बघावं म्हणून मी ते बोट तोंडाकडं नेलं, तेवढ्यात सुमननं हातावर चापट मारली. "बाळंतिणीच्या आधी तुमीच चाखता व्हय? पुसा ते." मी बोट पँटला पुसलं. माझी जीभ आज शाबूत आहे ती त्या चापटीमुळं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, कारण मग ती दर जेवणाला ऐकवेल.

संध्याकाळी दवाखान्यात पोचलो. जावईबापू पाया पडायला वाकले आणि वाकलेले तिथंच थांबले. मी आशीर्वादाचा हात त्यांच्या डोक्यावर ठेवून वाट बघत राहिलो.

"बाबा," ते खालूनच म्हणाले, "तुमच्या पँटची... चाळणी झालीय."

मी खाली पाहिलं. मांडीवर कापड कमी आणि भोकंच जास्त होती. तोवर सुमननं पिशवी खाटेवर ठेवून टॉवेल सोडला होता. टॉवेलही हातात तुकड्या-तुकड्यांनी येत होता. आत माझी बॅटरी होती. सुमननं एकदा बॅटरीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण एवढी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी गौतमरावांना फोन लावला.

"गौतमराव, ती पिशवी जरा उघडता का?"

"काहून? तुमीच सांगितलं ना, पंधरा दिवस हात लावायचा न्हाई."

"उघडा हो."

बराच वेळ खुडबूड ऐकू आली. "गुरुजी, डबा हाय. तुमच्या बॅटरीला तुपाचा लई खमंग वास येऊन राहिला."

"ते लाडू आहेत."

"मंग बॅटरी कुठं हाय?"

"इथं. पुण्यात."

"नेली कशी? उभी का आडवी?"

"आडवी. मांडीवर."

मग गौतमराव हळू आवाजात म्हणाले, "फोन ठेवा. आधी नळाखाली बसा. पाणी लई वेळ सोडा मांडीवर. लाडवाचं मी पाहतो."

खाटेवरून एक विचित्र आवाज आला. मनीषा पोट धरून हसत होती. "बाबा, हसवू नका, टाके दुखतात," असं म्हणून आणखी हसत होती. बाळ झाल्यापासून ती पहिल्यांदा हसली, असं जावईबापूंनी नंतर सांगितलं. त्या रात्री ती वरण-भातही जेवली. मी तासभर नळाखाली बसलो, सिस्टरनी मलम दिलं आणि जावयाची अर्धी चड्डी घालून मी नातवाला मांडीवर घेतलं. मांडीला लागू नये म्हणून मध्ये उशी होती. तो फोटो आमच्या घरात लावलेला आहे, कमरेपासून वरचा.

लाडवाचं मी पाहतो, म्हणजे गौतमराव डबा कुणाच्या तरी हाती पाठवतील असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः दारात उभे होते. सत्तरीचा माणूस, दिवसभर एसटीत बसून आलेला. डबा पोटाशी धरलेला, आणि दुसऱ्या हातात त्यांच्या बायकोनं, शशिकलाबाईंनी, रातोरात केलेले हळिवाचे लाडू.

"पार्सल केलं असतं तर फुटले असते," ते म्हणाले. "लेक आमचीबी हाय."

मनीषानं त्यांच्यासमोरच दोन लाडू खाल्ले. सुमननं पदर डोळ्याला लावला. मी चहा आणायला गेलो.

सकाळी ते परत निघाले. त्यांनी बॅटरी पुसली, जावयाकडून एक बादली मागून घेतली, तिच्यात वाळू घालून बॅटरी ताठ उभी केली आणि बादली पायांमध्ये धरून सेनगावला नेली. गावी बॅटरीत नवं ॲसिड भरून दर पंधरा दिवसांनी ती चार्जिंगला लावली. प्रत्येक वेळी मला फोन करून बाळाची चौकशी करायचे, बॅटरीचं शेवटी सांगायचे.

चार महिन्यांनी आम्ही परतलो तेव्हा गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. मी गौतमरावांचे हात धरले. म्हटलं, तुम्ही नसता तर काय झालं असतं.

"काही न्हाई झालं असतं, गुरुजी," ते म्हणाले. "पण एक सांगा. दिवसभर मांडी जळून राहिली, कापडाला भोकं पडून राहिली, तरी तुमाला शंका कशी आली न्हाई?"

मी गाडीवरच्या गोधडीची घडी घालायला घेतली. एकतीस वर्षं शाळेत मी विज्ञान शिकवलं, आणि आम्ल ओळखण्याचा धडा तर मी फळ्याकडं पाठ करून, पुस्तक न उघडता शिकवायचो. आता कुणी नवा माणूस विषय विचारतो तेव्हा मी सरळ मराठी म्हणून सांगतो.