राक्कम्माची बिनआवाजाची वाट

आमच्या मेल्मट्टम इस्टेटीत बिबट्याला सगळेच भितात. पण राक्कम्माइतकं कुणीच भीत नाही, हे शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. चहाची पानं खुडायला जायची तेव्हा तिच्या कमरेला कातरीशेजारी एक स्टीलचं ताट खोचलेलं असायचं. मजुरांच्या लाइनीतल्या खोलीतून बाहेर पाय टाकला की चमच्यानं ताटावर टण टण टण. परसाकडं निघाली तरी टण टण टण. बाया फिदीफिदी हसायच्या.

"निघाली बघा राक्कम्मा अक्का वाजतगाजत! अगं, कुठं चाललीस ते समद्या डोंगराला कळलं."

"कळू दे की. त्याला कळलं म्हंजी बास."

हसणं वरवरचं होतं. चार वर्षांपूर्वी सोळा नंबरच्या लाइनीतून, चुली पेटायच्या वेळेला, एक चार वर्षांची पोर अंगणातून गेली होती. शेजारच्या पायरीवर राक्कम्मा तांदूळ निवडत बसलेली. तिनं मान वर केली तेव्हा नळाखालची घागर भरून वाहत होती आणि तिच्यापाशी खेळणारी पोर नव्हती. ओरडणं नाही, झटापट नाही. हातभर अंतरावरून गेली आणि कानाला कळलं नाही, हे राक्कम्माच्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

त्या दिवसापासून इस्टेटीत ठरून गेलं. बिबट्याची चाहूल लागली की हाताला लागेल ते वाजवायचं. डबे, पिंपं, पातेली. देवळातला तप्पू काढायचा, तो आपल्या हलगीसारखाच कडकडतो. हजेरीच्या शेडमध्ये सेबास्टियन सुपरवायझरनं फटाक्यांचा खोकाच भरून ठेवला होता. गप्प राहिलं की तो येतो, आवाज केला की जातो, हे आमच्या अंगात मुरलं होतं.

पुढं राक्कम्मा मळ्यातल्या चरात पडली आणि तिचा उजवा गुडघा कामातून गेला. चढ चढायचा नाही, असं डॉक्टरनं लिहून दिलं. तेव्हा तिला प्राथमिक शाळेत आया म्हणून घेतलं. शाळा म्हणजे दोन खोल्या, पाच इयत्ता, तेवीस पोरं आणि मागं सरसूचं स्वयंपाकघर. हेडमास्तरीण जसिंता टीचर. त्यांनी पहिल्याच दिवशी राक्कम्माच्या हातात झाडू दिलाच नाही. एका पोरीचं मनगट दिलं.

"झाडलोट होत राहील, राक्कम्मा. तुझं खरं काम ही. हिचा हात सोडायचा नाही."

ती पूंगोडी. वय वर्षं आठ, इयत्ता दुसरी. बोलायची नाही. हाक मारली तर बघायची नाही. वाहत्या पाण्याखाली बोटं धरून तासन्‌तास उभी राहायची, आणि बरं वाटत असलं की नाकातल्या नाकात भुंग्यासारखं घूं करायची. पण आवाज झाला की पळायची. कुकरची शिट्टी, बाकडं पडणं, फटाका, कशानंही. समोर भिंत आहे, काटे आहेत की खड्डा, ते बघायची नाही. आवाज जिकडून आला त्याच्या उलट्या दिशेला, दम संपेपर्यंत. मग एखादी बारीक जागा बघून तिच्यात मुटकुळं करून बसायची, आणि कुणी कितीही ओरडलं तरी ओ द्यायची नाही. जेवढं ओरडाल तेवढी आणखी आत सरकायची.

पहिल्या सकाळी राक्कम्मा तिला आणायला लाइनीत गेली ती ताट वाजवतच. पूंगोडीनं हाताला असा हिसका दिला की राक्कम्माच्या बांगड्या फुटल्या. पोर कुंपणापलीकडं. दोन बायांनी धरून आणली. त्या दुपारी राक्कम्मानं ताट सरसूपुढं ठेवलं.

"घे. अंडी सोलून ठेव ह्याच्यात."

"आणि तू? वाटेनं काय, टाळ्या वाजवत जाणार?"

"गप जाणार."

सरसू हसली, पण राक्कम्माच्या तोंडाकडं बघून मधेच थांबली.

तेव्हापासून दोन वर्षं राक्कम्मा रोज सकाळी नऊला आणि दुपारी चारला मळ्यातल्या पायवाटेनं पूंगोडीचा हात धरून चालली, तोंडातून ब्र न काढता. दोन्ही बाजूंना कमरेइतकी झुडपं. शेंडा हलला की पाय थांबायचा. तोंडाला कोरड पडायची. पोरगी मात्र घूं करत, पानांवरून बोटं फिरवत मजेत चालायची. शाळेत पोचल्यावर राक्कम्मा आधी दोन तांबे पाणी प्यायची, मग बोलायची.

तालुक्याहून एकाआड एक गुरुवारी खास मुलांच्या बाई यायच्या. त्यांनी शिकवलेलं एवढंच की, काय होणार आहे ते हिला आधी दाखवा, मग करा. त्यावर राक्कम्मानं आपल्या अकलेनं पुष्कळ बांधलं. फॅक्टरीचा भोंगा बाराला व्हायचा. पावणेबाराला ती पूंगोडीला कोठीत न्यायची, तांदळाच्या दोन पोत्यांमध्ये बसवायची आणि आपले तळवे तिच्या कानांवर घट्ट धरायची. भोंगा संपला की तळवे उचलायचे. तेवीस पोरंही शिकली. कुणी बाकडं ओढलं तर बाकीचीच डोळे वटारायची. पोरीची आई दैवानै पानं खुडायला होती, ती एकदा म्हणाली, "अक्का, माझ्या पोरीपायी तुझं ताट गेलं."

"ताट गेलं. जीव हाय अजून."

गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. दोन वाजताच धुकं उतरलं आणि वरची लाइन दिसेनाशी झाली. दुसरीतल्या एका पोरानं चड्डी ओली केली म्हणून राक्कम्मा त्याला मागच्या नळावर घेऊन गेली. पूंगोडीला तिनं पाण्याच्या दुसऱ्या तोटीखाली बोटं धरून उभं केलं. दोन हातांवर होती. पोराची चड्डी उतरवायला दोन्ही हात लागले.

तेवढ्यात वरच्या लाइनीत कुत्रं केकाटलं आणि मधेच बंद झालं. पाठोपाठ एका बाईची किंकाळी, मग डबे, मग तप्पू. मग सेबास्टियननं फटाक्यांची माळ लावली. डोंगर फुटल्यासारखा आवाज उतारावरून शाळेवर आला.

राक्कम्मानं वळून बघितलं. तोटी वाहत होती.

"टीचर!" असं ती ओरडली म्हणतात. ते तिला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की कुंपणाची तार हलत होती आणि पलीकडं झुडपांचे शेंडे खाली खाली, ओढ्याकडं हलत गेले आणि धुक्यात मिटले. ओढ्याकाठचं रान बिबट्याचं. दिवसा तो तिथंच असतो, हे इस्टेटीत कुणाला सांगावं लागत नाही.

पोर सुटल्याची बातमी वर गेली तसे आम्ही सगळे खाली धावलो. चाळीस-पन्नास माणूस. ज्याच्या हातात जे होतं ते घेऊनच. कुंपणापाशी ओळ करून उभे राहिलो आणि जीव खाऊन वाजवायला लागलो. बाया "पूंगोडी, ए पूंगोडी" करत गळा फाडत होत्या. त्याला हाकलायचा आणि पोरीला बोलवायचं, दोन्ही एकदम. आम्हाला दुसरं येतंच काय होतं?

राक्कम्मा गुडघा धरून मधे आली आणि तिनं सेबास्टियनच्या हातातला डबा धरला.

"थांबवा! सायब, थांबवा हे!"

"बाजूला हो, अक्का. भ्यालीस तू."

"तुमी वाजवताय तशी ती खाली खाली चाललीया! तुमी तिला त्याच्या तोंडात ढकलताय!"

"आणि गप बसलो तर? सोळा नंबरात काय झालं, विसरलीस? तूच होतीस ना पायरीवर? कुणी वाजवलं होतं तेव्हा?"

तो खोटं बोलत नव्हता. राक्कम्मानं दैवानैला हुडकलं. दैवानै पिंपावर दगड मारत होती, बोटं फुटून रक्त आलं होतं.

"दैवानै, इकडं बघ. तू सांग त्यांना. माझं कुणी ऐकत न्हाई, तू आई हाईस."

"काय सांगू?"

"गप ऱ्हावा म्हणून. समद्यांनी. मी जाते खाली."

"एकटी? गप?" दैवानैनं तिच्याकडं वेड्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. "आणि चुकलीस तर, अक्का? माझी पोर हाय ती!"

"चुकले तर मी बी वर येणार न्हाई."

दैवानै दगड हातात धरून उभी राहिली. जसिंता टीचर एवढंच म्हणाल्या, "दैवानै, शाळेत ती आवाजापासून पळते, आवाजाकडं कधीच येत नाही." तेवढा वेळही आम्ही वाजवतच होतो. मग दैवानैनं दगड टाकला, वळली आणि दोन्ही हात वर करून फिरवले. एकेक डबा थांबला. तप्पू थांबला. सेबास्टियननं शेवटपर्यंत दात ओठ खाल्ले, पण आईपुढं त्याचंही चाललं नाही.

असली शांतता आम्ही तीन वर्षांत ऐकली नव्हती. पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. प्रत्येकाला वाटत होतं, आता आपण मागून धरले जाणार. माणसं पाठीला पाठ लावून उभी राहिली.

राक्कम्मा तारेखालून वाकली आणि उतरायला लागली. चप्पल काढून ठेवली होती. दुखरा पाय आडवा टाकत, झुडपाला धरत, एक सरी, दुसरी सरी. दहा पावलांवर धुक्यानं तिला गिळलं. त्यानंतरचं तिनं सांगितलेलं.

तिनं हाक मारली नाही. थांबायची, ऐकायची, पुढं व्हायची. कान रानाकडं लागलेले आणि पाय मागं पळा म्हणत होते. छाती एवढी धडधडत होती की तीच त्याला ऐकू जाईल असं वाटायचं. खालच्या आडव्या चरापाशी पोचली तेव्हा पोरीचं घूं आलं. बरं वाटतं तेव्हाचं नव्हतं ते, तुटक होतं, दातांतून येणारं. चरात, दोन झुडपांच्या मुळाशी, पूंगोडी कानात बोटं घालून मुटकुळं करून बसली होती. गाल काटक्यांनी ओरबाडलेले.

राक्कम्मा चरात उतरली. धरायला धावली नाही. आधी तिच्यासमोर आपले दोन तळवे धरले, दाखवले, आणि मग हळूच तिच्या कानांवर ठेवले. पोरीनं आपली बोटं काढली.

तेव्हाच वरच्या बाजूला, दोन सऱ्या सोडून, शेंडे हलले. वारा नव्हता. एक शेंडा हलला, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. काहीतरी आडवं चाललं होतं, सावकाश, ह्या दोघी आणि कुंपण ह्यांच्या मधून. ओल्या केसांचा उग्र वास आला.

राक्कम्माच्या गळ्यात किंकाळी आली. आख्खा जन्म ती त्याच किंकाळीची तयारी करत आली होती. एकदा ओरडली असती तर वर पन्नास डबे वाजले असते, तो गेला असता. आणि पोर तिच्या हाताखालून निसटून रानात. तिनं पदर तोंडात कोंबला. पोरीवर पालथी झाली, तळवे कानांवरून हलवले नाहीत. पाठ वर उघडी होती. त्या पाठीवर काय पडणार, एवढीच वाट बघत राहिली. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. टीचर म्हणतात चार-पाच मिनिटं. ती म्हणते, तिची म्हातारी होऊन झाली.

शेंडे थांबले. वास गेला. तरी ती उठली नाही. शेवटी पूंगोडीनंच तिच्या पोटाला कोपर मारलं, तेव्हा दोघी उठल्या.

धुक्यातून त्या वर येताना दिसल्या तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. डबे छातीशी आवळून धरले होते, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. तारेखालून पोर बाहेर आली आणि दैवानैनं तिला उचललं. मग दुसऱ्या हातानं राक्कम्माच्या कानशिलात दिली.

"हात का सोडलास?"

"सोडला," राक्कम्मा म्हणाली. "चुकले."

आणि तिथंच बसून तिला ओकारी आली. सरसूनं तिचं कपाळ धरलं.

दुसऱ्या दिवशी जंगलखात्याचा माणूस येऊन चर बघून गेला. त्याआधीच बघायला उतरलेल्या आमच्या पायांनी सगळं तुडवलेलं, ठसा सापडला नाही. सेबास्टियन अजून म्हणतो, वारा असेल. राक्कम्मा वाद घालत नाही.

दैवानैनं चार दिवस पोरीला घराबाहेर काढलं नाही. कडी लावून कामाला जायची. पाचव्या सकाळी नऊला राक्कम्मा लाइनीत गेली, तशीच, रिकाम्या हातानं. दैवानै पोरीला घेऊन दारात आली. मनगट राक्कम्माच्या हातात दिलं, पण आपला हात सोडला नाही. तिघी तशाच उभ्या. पूंगोडीचं लक्ष पन्हाळीतून गळणाऱ्या पाण्याकडं.

"अक्का, परत न्हाई ना सुटणार?"

राक्कम्मानं पायवाटेकडं बघितलं. धुकं विरत होतं, शेंडे निथळत होते.

"सांगता येत न्हाई गं. सुटंल बी. मी तिथंच असंन, एवढंच सांगते."

हे दैवानैला ऐकायचं नव्हतं. पण जे ऐकायचं होतं ते राक्कम्मा म्हणाली असती, तर तिनं पोरगी परत आत नेली असती, असं तीच मागाहून म्हणाली. तिनं एकेक बोट सोडलं.

त्या दोघी निघाल्या. वळणापर्यंत राक्कम्मा तीनदा थांबली.