मधल्या तुकड्याचं लुगडं

आमच्या घरात गोधडी कडेपासून आत शिवत जातात. चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यावर यायचं आणि मध्ये सगळ्यात चांगलं कापड लावायचं. मी तेवीस वर्षांची होते आणि शाळेत शिकवत होते, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता. सत्तरचं दशक संपता संपता आई अंथरुणाला खिळली, तेव्हा मी जाहीर केलं की तिची गोधडी मीच शिवणार, आणि तीही काडेपेटीएवढ्या तुकड्यांची.

"अंगावर घ्यायचीय की चर्चमधल्या अल्तारावर घालायचीय?" आईने विचारलं. "बाय, मोठे तुकडे लाव. मला थंडी आत्ता वाजते."

पोटातल्या दुखण्याने तिच्या अंगावर काही उरलंच नव्हतं. केळींना पाटाचं पाणी सोडलं की त्या गारव्याने ती कुडकुडायची. पुढे पुढे तर भर दुपारीही. मी मात्र मापाला काडेपेटी घेऊन बसायचे. भावाच्या खाकी चड्ड्या, बाबांचे सदरे, माझा पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा झगा, सगळं कापलं. महिनाभरात वीतभर किनार झाली, तीही वाकडी. मावशी आईला बघायला आली तेव्हा म्हणाली, "छान आहे. पायाचा अंगठा झाकेल."

आई हसली, मग दुखलं म्हणून थांबली.

नाताळ झाल्यावर एक दिवस तिने मला पेटी उघडायला लावली. आत तिचं लग्नातलं तांबडं लुगडं होतं. सणाला आणि घरच्या लग्नालाच ती ते नेसायची.

"हे मध्ये लाव."

"आणि पुढच्या सणाला काय नेसशील?"

"मी उठणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. जाडंभरडं सूत आहे, ऊब देईल. काप."

तोवर गोगलगाईच्या वेगाने चाललेलं माझं काम त्यानंतर पार थांबायलाच आलं. आधी कात्री बोथट झाली. मग दोरा संपला. मग तपासायचे पेपर आले. आधीचे टाके वाकडे आहेत म्हणून मी ते उसवून पुन्हा घालायला लागले. वाकडे होतेच, पण इतके दिवस मला कुठे खुपले होते? लुगड्याला कात्री लावली की आई उठणार नाही हे मी कबूल केलं, असं होणार होतं. चाळीस पोरांना रोज खरं बोलायला सांगणाऱ्या बाईची ही गत.

तरी रखडत रखडत, ईस्टरआधीच्या उपासकाळात कधीतरी टाके मध्याशी आले. परातीएवढी जागा उरली होती, तिथे नुसतं जुन्या चादरीचं अस्तर. मी तशीच ती आईवर पांघरली. तिने वरून हात फिरवला, तो त्या जागेवर येऊन थांबला. नेमकी तिच्या छातीवर आली होती.

"इथे वारा लागतो गं."

"रविवारी लावते."

"मग काल काय होतं?"

काल रविवारच होता.

पुढचा रविवार तिने पाहिला नाही. तिला आंघोळ घालायला बायका जमल्या. मावशीने पेटी उघडली आणि लुगडं अखंड पाहून तिला रडू फुटलं. "बरं झालं, फाडलं नाहीस. दुसरी असती तर तुकडे करून मोकळी झाली असती. पोरीने आईचं लुगडं राखलं." सगळ्यांनी मिळून ते आईला नेसवलं. दफनाहून परतताना आणखी दोघी-तिघींनी माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. पोरीला दुःख आवरत नाही, असं त्यांना वाटलं.

लुगडं मातीत गेलं. गोधडी माझ्याकडे आहे. मुलगी म्हणते, "आई, मध्ये काहीतरी लावून टाक आता." मी सांगते, नवं कापड विजोड दिसेल. कारणं काढण्यात माझा हात अजून चालतो. थंडीत ती मीच पांघरते आणि दोन्ही हात छातीवर ठेवून झोपते. वारा तिथेच लागतो.